पाणीपट्टीचं बिल कमी करून घेतलं, तरी पुढच्या बिलात तीच चूक परत: नाशिकमध्ये काय तपासायचं, कुणाकडे जायचं

लक्षण ठरलेलं आहे. बिल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट येतं. विभागीय कार्यालयात खेटे घालून ते कमी करून घेतलं जातं, पैसे भरले जातात, पावती फाईलला लागते. पुढचं बिल येतं तेव्हा कमी केलेली रक्कम ‘मागील थकबाकी’च्या रकान्यात पुन्हा उभी असते आणि तिच्यावर विलंब आकारही चढलेला असतो.

कारण बहुतेक वेळा एकच. खिडकीवर दुरुस्त होते ती त्या एका बिलाची रक्कम. ती रक्कम ज्या नोंदीतून निघाली, ती नोंद तशीच राहते. मीटरचा क्रमांक, त्याचं सुरुवातीचं रीडिंग, वापराचा प्रकार आणि जोडणीचा आकार या चारांपैकी एक जरी चुकीचं असेल, तर दर बिलाला चूक नव्यानं जन्मते. म्हणून अर्ज रक्कम कमी करण्याचा नको, नोंद बदलण्याचा हवा. आणि नोंद चुकीची आहे हे दाखवायचं, तर आधी आपल्या घरात गळती नाही आणि मीटर ठीक चालतंय याची खात्री करावी लागते. क्रम हाच ठेवा. उलटा घेतला तर पहिल्याच भेटीत ‘आधी गळती बघा’ म्हणून परत पाठवलं जातं, आणि ते म्हणणं चूकही नसतं.

आधी एक गोष्ट, जिच्यामुळे सगळ्यात जास्त हेलपाटे होतात. महापालिकेत पाण्याचं काम दोन विभागांत वाटलेलं आहे. फेरूल (मुख्य वाहिनीवरून घराची जोडणी काढण्याचा जोड), पाइप, गळती, दाब, नवीन जोडणी हे पाणीपुरवठा विभागाचं. बिल, थकबाकी, वसुली हे विविध कर विभागाचं. मीटर बदलल्याचं एकाला माहीत असतं आणि बिल दुसरा काढतो. चूक नेमकी या सांध्यात अडकते. दोन्ही विभागांची माणसं तुमच्या विभागीय कार्यालयात असतात: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. तुमच्या प्रभागाचं जे कार्यालय, तिथंच जा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाणी एमआयडीसीचं असेल तर बिलही तिथलंच, आणि देवळाली कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतली घरं महापालिकेच्या खात्यात नसतात. बिलाच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते वाचून मगच निघा.

मीटर स्वतः वाचा

घरगुती अर्धा इंची मीटरवर काळे अंक घनमीटर दाखवतात. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, आणि बिलातलं १ युनिट म्हणजे हेच. लाल अंक किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या घनमीटरचे भाग दाखवतात: ०.१ म्हणजे १०० लिटर, ०.०१ म्हणजे १० लिटर, ०.००१ म्हणजे १ लिटर. लाल आकडे बिलात धरायचे नसतात. एक लाल अंक चुकून युनिटात धरला गेला तर वापर थेट दहापट दिसतो. बिलावरचं ‘चालू रीडिंग’ तुमच्या मीटरवरच्या काळ्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर पुढची कुठलीही तपासणी करायची गरज नाही. मीटर मागे पळत नाही, म्हणजे आकडा चुकीचा लिहिला गेलाय. मीटरचा क्रमांक आणि आकडे एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा. तोच पुरावा.

रीडिंग बरोबर असेल तर वापर पटण्यासारखा आहे का ते बघा. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी रोज १३५ लिटर धरून आखतात. चार माणसांचे रोज ५४० लिटर, महिन्याचे साधारण १६ युनिट. बिलावर जो कालावधी छापलाय तितक्या महिन्यांनी गुणा. बाग, गाडी धुणं, भाडेकरू, सणाला आलेले पाहुणे धरून हा आकडा दीडपट होऊ शकतो. तिप्पट होत असेल तर पाणी कुठंतरी वाहतंय, किंवा मीटर खोटं बोलतंय.

गळती शोधताना नाशिकमध्ये होणारी चूक

सर्वत्र सांगितलं जातं की रात्री सगळे नळ बंद करा, रीडिंग लिहा आणि सकाळी पुन्हा बघा. आपल्याकडे हे उपयोगाचं नाही. पाणी गंगापूर धरणाचं असो, दारणेचं असो की मुकण्याचं, ते जलकुंभातून ठरलेल्या वेळीच सोडलं जातं. रात्री वाहिनीत दाबच नसेल, तर फुटलेल्या पाइपमधूनही काही वाहणार नाही, मीटर हलणार नाही आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. मीटर आणि जमिनीखालची टाकी यांच्यामधल्या पाइपची तपासणी पाणी चालू असतानाच करायची.

पाणी आल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे वाहिनीतली हवा निघून जाते. मग टाकीच्या तोंडाशी असलेला वॉल्व्ह बंद करा. वॉल्व्ह नसेल तर बॉलकॉकचा (टाकी भरली की तरंगत्या गोळ्यानं बंद होणाऱ्या नळाचा) दांडा वर उचलून दोरीनं बांधा. थेट लाइनवर एखादा अंगणातला नळ असेल तर तोही बंद. आता मीटरच्या काचेतलं छोटं चांदणीसारखं चक्र पंधरा मिनिटं बघत बसा. ते जराही फिरत असेल तर गळती याच टप्प्यात आहे. फरशीखालून गेलेला जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप हा पहिला संशयित, त्यातही कोपराचे जोड आणि भिंतीत शिरतो ती जागा. असा पाइप ठिगळ लावून टिकत नाही. तो तुकडा पूर्ण बदला आणि शक्य असेल तर फरशीखालून न नेता भिंतीच्या कडेनं उघड्यावरून न्या.

चक्र स्थिर असेल तर टाकीकडे वळा. बॉलकॉकचं वॉशर झिजलं की टाकी भरल्यावरही पाणी येत राहतं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात जातं. ओव्हरफ्लो थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असेल तर ते कधीच दिसत नाही. टाकी भरल्यावर झाकण उघडून कान द्या. वॉशर काही रुपयांचं असतं, पण बसायची पितळी कड खरवडली गेली असेल तर नवं वॉशरही आठ दिवसांत गळायला लागतं. तेव्हा बॉलकॉक संपूर्ण बदला. ओव्हरफ्लोचं तोंड नेहमी नजरेला पडेल अशा जागी काढून घ्या. या एका बदलामुळे पुढची गळती बिलाऐवजी डोळ्यांना दिसते.

टाकीला तडा असेल तर त्याची परीक्षा नळाला पाणी येत नसलेल्या वेळी होते. मोटर बंद ठेवा, पातळीवर खडूची खूण करा आणि आठ तासांनी बघा. २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ३० लिटर गेले. १० सेंटिमीटर उतरली तर ३०० लिटर, आणि तेही एका रात्रीत. ही परीक्षा उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात करा. पावसाळ्यात बाहेरचं पाणी तड्यातून आत झिरपतं, पातळी टिकून राहते आणि टाकी धड आहे असा गैरसमज होतो. खरं तर तेव्हाच धोका जास्त, कारण आत येणारं पाणी गटाराचंही असू शकतं. पावसाळ्यात पातळी आपोआप वर चढलेली दिसली तर ते पाणी पिण्यासाठी वापरू नका. टाकी उपसून आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करून घ्या.

गच्चीच्या टाकीनंतरच्या गळतीत सर्वात मोठा वाटा संडासच्या फ्लशचा असतो, आणि तो सर्वात कमी लक्षात येतो. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाका आणि अर्धा तास वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. मिनिटाला पाव लिटर इतकी बारीक धार असली तरी दिवसाचे ३६० लिटर होतात, महिन्याचे जवळजवळ ११ युनिट. म्हणजे चार माणसांच्या वापरात आणखी अडीच-तीन माणसांची भर. टपटपणारा नळ त्यामानानं गरीब: सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे चार-पाच लिटर. लोक नळाच्या मागे लागतात आणि फ्लश तसाच राहतो.

फेरूल ते मीटर या टप्प्यातली गळती तुमच्या बिलात येत नाही, कारण ते पाणी मीटरमधून जातच नाही. तरी रस्त्याच्या कडेला ओल दिसली तर पाणीपुरवठा विभागाला कळवा. दाब कमी होतो, आणि पाणी बंद असताना त्याच भोकातून घाण आत ओढली जाते. लाइनला थेट मोटर लावली की ही ओढ कित्येक पटींनी वाढते. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय शेजाऱ्यांच्या नळाचं पाणी तोडून स्वतःच्या टाकीत गढूळ पाणी भरण्यासारखं आहे.

मीटर खोटं बोलतंय का

२० लिटरची खूण असलेली बादली घ्या. खूण खात्रीची हवी असेल तर वजन करा, २० लिटर पाणी २० किलो भरतं. मीटरनंतरच्या पहिल्या नळातून अशा दहा बादल्या भरा, बाकी सगळं बंद ठेवून. मीटर २०० लिटर, म्हणजे ०.२०० घनमीटर पुढं जायला हवं. घरगुती मीटरच्या आयएस ७७९ या मानकात नेहमीच्या प्रवाहाला २ टक्के आणि अगदी मंद प्रवाहाला ५ टक्के कमीजास्त चालतं. तुमच्या मोजणीतली चूक धरून १० लिटरपर्यंतचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त आणि तोही तीनदा मोजून तसाच आला, तर मीटर तपासणीचा अर्ज करण्याइतका आधार झाला.

हवेमुळे मीटर पळतं ही तक्रार खूप ऐकू येते. ती खरी आहे, पण तिचा आकार मोजून बघा. पाणी सुटायच्या आधीचं रीडिंग लाल आकड्यांसह लिहा, फुसफुस संपून धार लागेपर्यंत थांबा, पुन्हा लिहा. फरक रोज १५ लिटर असेल तर महिन्याला अर्धं युनिटही होत नाही; मोठ्या बिलाचं कारण दुसरं आहे. फरक १०० लिटरच्या पुढं असेल, जे वाहिनीच्या शेवटच्या टोकाला किंवा उंचावरच्या घरांना होऊ शकतं, तर पाच-सहा दिवसांच्या नोंदी जोडून वाहिनीवर हवा सोडणारा वॉल्व्ह बसवण्याची मागणी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून करावी. मीटरच्या आधी स्वतःच काही बसवू नका. मीटरच्या अलीकडची छेडछाड पाणीचोरी ठरू शकते.

मीटर अडकण्याचं साधं कारण माती. पाणी रोज थांबतं-सुटतं, त्यात पाइपातला गाळ आणि गंज सुटून मीटरच्या तोंडाच्या जाळीत बसतो, पावसाळ्यात जास्तच. चक्र फिरत नाही आणि पाणी मात्र येतंय असं दिसलं की त्याच दिवशी लेखी कळवा. बंद मीटर म्हणजे बिनखर्चाचं पाणी असं वाटून गप्प बसणं पुढं महागात पडतं, कारण तिथून सरासरीचं बिल सुरू होतं.

सरासरीचं बिल आणि नवं मीटर

मीटर बंद, काच धुरकट किंवा दाराला कुलूप असेल तर सरासरी धरून बिल निघतं. घरात पाच माणसं होती तेव्हाची सरासरी, आता राहतात दोघं. बिल पाच जणांचंच येत राहतं. यावर उपाय नवं मीटर. आणि ‘चूक परत येते’ या तक्रारीचं मोठं मूळ नेमकं इथंच आहे.

जुनं मीटर १८४० वर बंद पडलं. नवं ० पासून सुरू झालं आणि पहिल्या वाचनाला १२ वर होतं. मीटर बदलल्याची नोंद विविध कर विभागाच्या संगणकात चढलीच नाही, तर मागील रीडिंग १८४० आणि चालू १२ असं दिसतं. मग एक तर सरासरी चालूच राहते, नाहीतर मीटरचे पाच आकडे फिरून पुन्हा शून्यावर आले असं धरलं जातं आणि वापर निघतो ९८,१७२ युनिट. असं लाखांतलं बिल बघून माणूस हादरतो, पण ते दुरुस्तीला सोपं असतं. सरासरीचं बिल थोडंच जास्त असतं, म्हणून ते वर्षानुवर्षं भरलं जातं.

मीटर बदलताना तीन गोष्टी कागदावर घ्या: जुन्या मीटरचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग, नव्याचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग, बसवल्याची तारीख. त्यावर बसवणाऱ्याची सही. या कागदाची प्रत विविध कर विभागात देऊन आवक क्रमांक घ्या. पाणीपुरवठ्याला दिलेला कागद आपोआप तिकडे जाईल असं धरून चालू नका. त्यानंतर महिनाभराचं रीडिंग नोंदवा आणि त्या खऱ्या वापरावर सरासरीच्या काळाची फेरआकारणी करण्याची मागणी करा.

दुसरं मूळ वापराच्या प्रकारात. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगावच्या बाजूला नवी घरं झपाट्यानं झाली. बांधकामासाठी घेतलेली जोडणी बिगरघरगुती दरानं असते. घर पूर्ण झालं, माणसं राहायला आली, पण प्रकार बदलला नाही, तर दर तोच चालू राहतो. बिलावर ‘घरगुती’ लिहिलंय का ते बघा. नसेल तर भोगवटा दाखला आणि घरपट्टीची पावती जोडून ‘वापरात बदल’ मागा. खाली दुकान आणि वर घर असेल तर दुकानाची जोडणी वेगळी करून घेणंच शहाणपणाचं. एकाच मीटरवर दोन वापर असले की वाद संपत नाही.

अर्ज कसा लिहायचा

लांबण नको. साधारण असा:

‘ग्राहक क्रमांक अमुक. आपल्या नोंदीत मीटर क्रमांक अमुक आहे, जागेवर मीटर क्रमांक अमुक आहे. अमुक तारखेचं रीडिंग अमुक, फोटो सोबत. कृपया नोंद दुरुस्त करून अमुक ते अमुक काळाचं बिल फेरआकारणी करून द्यावं, त्या रकमेवरचा विलंब आकार रद्द करावा आणि दुरुस्त खातेउतारा द्यावा.’

शेवटची मागणी विसरू नका. दुरुस्त झालेलं बिल नुसतं पेनानं खोडून मिळालं तर संगणकात काहीच बदललेलं नसतं. छापील उताऱ्यात थकबाकी शून्य दिसली, तरच काम झालं. निकाल लागेपर्यंत सगळं बिल थांबवू नका. वापराच्या हिशेबानं होणारी रक्कम ‘हरकत राखून’ असं लिहून भरा, नाहीतर विलंब आकार वाढत जातो आणि जोडणी तोडण्याची वेळ येते.

काम अडलं तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. नवीन नळजोडणी, मालकी हक्कात बदल, वापरात बदल, नादुरुस्त मीटरची तक्रार, थकबाकी नसल्याचा दाखला या नागरी संस्थांच्या अधिसूचित सेवांत येतात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. नोंद कुठं चुकली हेच कळत नसेल तर माहिती अधिकारात रीडिंगच्या नोंदींची प्रत मागा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

पैसे गेले, पावती नाही

ऑनलाइन भरताना खात्यातून पैसे कापले आणि पावती उमटली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. यूपीआयनं व्यापारी किंवा संस्थेला केलेला व्यवहार फसला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवा. त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे परतही आले नाहीत आणि थकबाकीही हटली नाही, तर ते दुसऱ्या खात्यात जमा झाले असण्याची शक्यता मोठी. ग्राहक क्रमांकातला एक अंक चुकलेला असतो, किंवा पाणीपट्टीऐवजी घरपट्टीच्या पानावर रक्कम भरलेली असते. दोन्हींची खाती वेगळी आहेत. व्यवहार क्रमांक आणि बँकेचा उतारा जोडून ‘रक्कम वर्ग करण्याचा’ अर्ज द्या. मार्चअखेरीस खिडकीवर गर्दी असते आणि संगणकही रखडतो. वाद असलेलं बिल जानेवारी-फेब्रुवारीतच मार्गी लावा.

नवी जोडणी घेतानाच

अर्जासोबत सहसा घरपट्टीची चालू पावती, मालकीचा कागद, भोगवटा दाखला, ओळखपत्र आणि परवानाधारक प्लंबरची सही लागते. रस्ता खोदायचा असेल तर त्याची परवानगी आणि शुल्क वेगळं. मुख्य वाहिनीवर फेरूल मारणं महापालिकेच्या देखरेखीखालीच होऊ द्या.

मीटर बसवताना प्लंबरच्या शेजारी उभे राहा. मीटर आडवं आणि तोंड वर, बाण पाण्याच्या दिशेनं. मीटरच्या आधी किमान १५ सेंटिमीटर आणि नंतर ७ ते ८ सेंटिमीटर सरळ पाइप, मध्ये कोपरा नको. कोपऱ्यातून वळून आलेलं पाणी मीटरला नीट मोजता येत नाही. मीटरनंतर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा वॉल्व्ह) बसवा, म्हणजे वाहिनी रिकामी झाल्यावर टाकीतलं पाणी उलटं जात नाही. टाकीत पाइपचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर ठेवा, तेही याचसाठी. पेटी वाचणाऱ्याला कुलूप न उघडता दिसेल अशी फाटकाजवळ बसवा; आतल्या बाजूला बसवलेलं मीटर म्हणजे सरासरीच्या बिलाला आमंत्रण.

जुनं घर विकत घेत असाल तर खरेदीखताच्या आधी विक्रेत्याकडून पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला मागा. जोडणी जागेला असते, म्हणून थकबाकीही जागेबरोबर येते. ताबा घेताना दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग लिहावं, त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद नावबदलाच्या अर्जाला जोडावा.